‘विंडो उडाली’ म्हणजे नेमकं काय उडालं?

घुग्घुसला सकाळी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की बोट काळं होतं. कोळशाच्या खाणी, सिमेंट, लोखंड आणि या सगळ्यांमध्ये रात्रंदिवस धावणारे ट्रक. चंद्रपूर जिल्ह्यातल्या, वर्धा नदीच्या काठच्या या गावात धूळ कुणाला विचारून घरात येत नाही. आता या गावातलं एक दुकान डोळ्यांसमोर आणा. बाहेर पाटी: झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म. आत कोपऱ्यात पंधरा-सोळा वर्षांचा कॉम्प्युटर, त्यावर विंडोज ७, आणि पाठीमागच्या जाळीवर काळसर धुळीची मऊ गादी.

आज सकाळी मालकांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या, ‘एफ-वन दाबा’ म्हणाल्या. दाबलं. मग विंडोजचं चार रंगांचं चिन्ह उजळलं, मालकांचा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात एक निळा पडदा लखकन चमकून गेला. कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा चिन्ह, पुन्हा निळी चमक.

“विंडो उडाली वाटते,” मालक म्हणतात. “फॉरमॅट मार आणि नवीन टाकून दे.”

दुरुस्तीला आलेली मुलगी हातातला पेचकस बाजूला ठेवते. “थांबा नं काकाजी. उडाली म्हणता, पण काय उडालं ते तर पाहू.”

केवढा सुंदर प्रश्न आहे हा! कारण विंडोज ही काही छपरावरची पत्र्याची शीट नाही की वादळात उडावी. ती आकड्यांची एक प्रचंड रांग आहे. आकडा गंजत नाही. पाचाचा आकडा पंधरा वर्षांनी झिजून साडेचार होत नाही. मग ज्याला गंज नाही, वाळवी नाही, ती गोष्ट म्हातारी होते तरी कशी?

डेव्हिड पारनास या संगणकशास्त्रज्ञानं १९९४ साली याच कोड्यावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की सॉफ्टवेअरला म्हातारपण दोन वाटांनी येतं. एक, ते जागच्या जागी राहतं आणि जग पुढे निघून जातं. दोन, जगाबरोबर चालवण्यासाठी त्याला ठिगळं लावली जातात आणि ठिगळांवर ठिगळं साचतात. या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये दोन्ही म्हातारपणं नांदताहेत. पण आजचा घोटाळा तिसराच आहे, आणि तो पकडायचा तर बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या क्षणापासून पावलं मोजत जावं लागेल.

बटण दाबलं की प्रोसेसर जागा होतो. त्याला काहीही आठवत नसतं. डिस्क कुठे आहे, पडदा आहे की नाही, विंडोज म्हणजे काय, काही नाही. तान्ह्या बाळाला जशी दूध ओढायची कला उपजत असते, तशी त्याला एकच गोष्ट उपजत ठाऊक असते: पत्त्यांच्या लांबलचक यादीच्या टोकापासून बरोबर १६ खण अलीकडे जायचं आणि तिथे जे लिहिलंय ते करायचं. सोळा खणांत काय मावणार? फक्त चौकातल्या पाटीएवढा मजकूर: ‘अमुक ठिकाणी जा.’ तिथे बायोस नावाचा छोटा प्रोग्राम मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये राहतो, आणि पुढचा कारभार तो हाती घेतो.

आणि जागं होताना हा प्रोसेसर स्वतःला कोण समजतो, माहीत आहे? १९७८ सालचा इंटेल ८०८६! सेकंदाला तीनशे कोटींच्या आसपास ठोके देणारा हा गडी पहिले काही क्षण आपल्या आजोबांचीच भाषा बोलतो, आजोबांएवढीच स्मृती वापरतो, आणि मग पायरी पायरीनं आपल्या खऱ्या वयाला येतो. तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास दर सकाळी काही क्षणांत पुन्हा जगून घ्यायचा!

आजच्या जमिनीखाली कालची पोकळी असते, हे घुग्घुसच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २६ ऑगस्ट २०२२ रोजी इथल्या आमराई वॉर्डातलं एक राहतं घर जुन्या भूमिगत खाणीवरची जमीन खचून खाली गडप झालं; घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. कॉम्प्युटरही जुन्या थरांवरच उभा असतो. फक्त त्याचे जुने थर पोकळ झालेले नसतात, ते अजून कामावर असतात आणि वरचा भार रोज उचलतात.

बायोस आजूबाजूला पाहतो, मेमरी तपासतो, कीबोर्ड चाचपतो, आणि मग डिस्कवरचे अगदी पहिले ५१२ बाइट उचलतो. त्यातले प्रोग्रामसाठी किती? जेमतेम ४४६. आजच्या पद्धतीनं साठवलेलं मराठीचं एक अक्षर तीन बाइट खातं, म्हणजे तेवढ्या जागेत आपलं पोस्टकार्डही धड लिहून होणार नाही. एवढ्याशा चिठ्ठीत लिहिलेलं असतं, की पुढचा मोठा प्रोग्राम डिस्कच्या कोणत्या भागात शोधायचा. चिठ्ठीच्या तळाशी दोन बाइटांची सही. ती शून्य-एकात मांडली तर एकाआड एक येते: ०१०१०१०१, मग उलट १०१०१०१०. ही सही बिघडली की बाकी सगळी डिस्क शाबूत असूनही बायोस हात झटकतो, म्हणतो, इथे कुणी राहत नाही.

पण आपल्या दुकानात तर विंडोजचं चिन्ह उमटलं होतं! म्हणजे सही ठीक, चिठ्ठी ठीक, पुढचा प्रोग्रामही ठीक. पडझड त्यानंतरची आहे. शोधाची हद्द एका फटक्यात केवढी आकसली पाहा.

मुलगी पुन्हा बटण दाबते आणि एफ-एट टिचकवत राहते. एक यादी उघडते. तीत एक ओळ असते: बिघाड झाल्यास आपोआप पुन्हा सुरू करू नकोस. आता निळा पडदा चमकून पळत नाही, उभा राहतो. मालकांना त्यात नुसती अक्षरांची गर्दी दिसते. तिला त्यात कबुलीजबाब दिसतो. कारण निळा पडदा म्हणजे विंडोजचं मरण नव्हे. आपण जे करतोय ते चुकतंय आणि असंच पुढे गेलो तर माणसाच्या फायली खराब होतील, हे ओळखून विंडोजनं स्वतःहून केलेला तो थांबा आहे. थांबण्याआधी तिनं कारणाचा क्रमांकही लिहून ठेवलाय. शून्यांच्या माळेच्या शेवटी: ७बी.

७बी चा अर्थ असा: ज्या डिस्कवरून मी आत्ता उठले, ती डिस्कच मला सापडत नाही.

हे कसं शक्य आहे? चिन्ह तर त्याच डिस्कवरून आलं होतं! पुरात माणसाला नावाडी पैलतीरावर आणून सोडतो, पण पुढची वाट त्याची त्यालाच चालायची असते. विंडोजचं तसंच. सुरुवातीला बायोस हा तिचा नावाडी. डिस्कवरचे तुकडे तोच वाचून देतो. मग एक क्षण येतो जेव्हा विंडोज म्हणते, आता माझं मी पाहते, आणि डिस्कशी स्वतःच्या ड्रायव्हरमार्फत बोलू लागते. आपल्या दुकानात नेमकी त्या क्षणी डिस्क मुकी झाली.

मुकी का? डिस्कशी बोलायच्या दोन भाषा आहेत. एक जुनी, १९८० च्या दशकातली, आयडीई. दुसरी नवी, २००४ च्या सुमाराची, एएचसीआय. कोणती बोलायची हे बायोसच्या सेटिंगमध्ये ठरतं. हा कॉम्प्युटर नवा असताना कुणीतरी नवी भाषा निवडून मग विंडोज टाकली होती. विंडोजनं विचार केला, माझ्या घरात हीच भाषा चालते, तर दुसरीचा दुभाषा रोज सकाळी उठवून बसवू कशाला? तिनं त्याला सुट्टी दिली. त्यामुळे सुरुवात झपाट्यानं व्हायची. आज सकाळी मात्र बायोस अचानक जुनी भाषा बोलू लागला, दुभाषा सुट्टीवर, आणि विंडोज निळी पडली.

मुलगी बायोसच्या पडद्यात शिरते. सेटिंग खरंच बदललेलं आहे. पण या दुकानात त्या पडद्यात जातंय कोण? कुणीच नाही. म्हणजे बायोस विसरला. आणि बायोसच्या विस्मरणाला जवळपास एकच कारण असतं. मदरबोर्डवर, धुळीच्या थराखाली, एक बटण सेल बसलेला असतो.

सीआर २०३२. या नावातच त्याचं माप आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. काही दिवाळीच्या दिव्यांत आणि वजनकाट्यांत असतो तोच. एकच काम: कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं आणि बायोसच्या सेटिंगची चिमूटभर आठवण जपायची. ही सोय १९८४ सालच्या आयबीएमच्या पीसी-एटी पासून चालत आलेली आहे. त्याआधी बहुतेक यंत्रांवर बसलं की माणसानंच आजची तारीख सांगायची!

वायर लावलेली असते तोवर बोर्डला भिंतीतून थोडी वीज मिळत राहते आणि सेलला आराम असतो. पण आपल्याकडे रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची चांगली सवय आहे. मग रात्रभर सगळा भार त्या बटणावर. मालकांना आता आठवतं, दोन महिन्यांपासून सकाळी घड्याळ मागे पडलेलं दिसायचं. ते बिचारे हातानं लावून घेत होते. सेल मरताना आधी घड्याळ अडखळतं, स्मरण त्यानंतर जातं. काल रात्री ते गेलं.

तीन व्होल्टचा एक सेल संपला आणि दुकानात बातमी झाली: विंडो उडाली!

त्या घड्याळापाशी थोडं थांबूया. त्याच्या पोटात क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो, चिमट्यासारख्या दोन पायांचा, तांदळाच्या दाण्याएवढ्या डबीत बंद. वीज दिली की तो थरथरतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा. हा विचित्र आकडा कुठून आला? ३२,७६८ चे निम्मे करा. पुन्हा निम्मे. असं बरोबर १५ वेळा केलंत की हाती येतो एक. म्हणजे निम्मे करणाऱ्या १५ साध्या सर्किटांची रांग लावली की शेवटच्या दारातून दर सेकंदाला एक ठोका बाहेर पडतो. भागाकार नको, गणित नको. सेकंद आपोआप गाळून निघतो. तुमच्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हीच थरथर चालू आहे, आत्ता, हे वाचताना.

हा स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत अचूक चालावा असा कापलेला असतो. त्याहून ऊन वाढलं तरी तो मंदावतो आणि थंडी वाढली तरी मंदावतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मे महिन्यात, ४५ अंशांना, तो दिवसाला सुमारे एक सेकंद मागे पडतो. उन्हाळा नुसता माणसांनाच नाही, दगडालाही संथ करतो. मला ही गोष्ट कळली त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येक घड्याळाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं.

मुलगी बायोसमध्ये भाषा पुन्हा नवी निवडते आणि बाहेर पडते. काळा पडदा. चिन्ह. आणि चिन्हानंतर निळं नाही! त्याऐवजी एक घोषणा: डिस्क तपासायची आहे, नको असेल तर दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबा. मालकांचा हात सवयीनं कीबोर्डकडे जातो. “राहू द्या काकाजी, करू द्या तिला.”

का करू द्यायचं? कारण परवा दुपारी लाईन गेली होती. याच जिल्ह्यात २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, पण झाडाची फांदी तारेवर पडली की केंद्र कितीही मोठं असो, दुकानात अंधारच. लाईन गेली त्या क्षणी विंडोज कदाचित एखादी फाइल डिस्कवर लिहीत होती. अर्धी लिहून झालेली. मग दुसऱ्या दिवशी सगळी डिस्क अस्ताव्यस्त का सापडत नाही?

याचं उत्तर कोणत्याही जुन्या पेढीवरच्या दिवाणजीनं दिलं असतं. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत एक ओळ टिपायची, मग निवांत खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची. खतावणी लिहिता लिहिता दिवा विझला तरी चिंता नाही. सकाळी रोजकीर्द उघडा, कुठवर चढलंय ते पाहा, राहिलेलं पुरं करा, अर्धवट असेल ते खोडा. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस ही फायली ठेवण्याची पद्धत हेच करते. कोणत्या फाइलचं नाव बदलतंय, कोणती जागा कुणाला दिली जातेय, हे आधी एका खास नोंदवहीत टिपलं जातं, मगच प्रत्यक्ष बदल. फाइलच्या आतला मजकूर मात्र या वहीत नसतो. म्हणून लाईन गेल्यावर तुमच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद जाऊ शकतो, पण पत्रं ठेवायचं कपाट कोसळत नाही.

शिवाय डिस्कवर एक छोटी खूण असते: ‘काम चालू आहे’. सगळं नीट आवरून झालं की ती पुसली जाते. सकाळी उठल्यावर खूण तशीच दिसली की विंडोजला कळतं, काल आवरायच्या आधीच दिवा गेला. मग ती झाडाझडती घेते: कुणाच्या नावावर नसलेले तुकडे, एकाच जागेवर सांगितलेले दोन हक्क. पडद्यावर सरकणाऱ्या त्या कंटाळवाण्या पांढऱ्या ओळी म्हणजे लाखो नोंदींचा ताळा आहे.

मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट कोणती वाटते सांगू? हे लिहिणाऱ्या माणसांनी कधी घुग्घुस पाहिलं नव्हतं. पण लाईन जाणार, कुणीतरी मध्येच वायर ओढणार, सेल मरणार, याची त्यांना खात्री होती. पडणार हे गृहीत धरूनच त्यांनी प्रत्येक पायरीखाली गादी अंथरून ठेवली.

एक गादी तर मला फार आवडते. विंडोजच्या सगळ्या सवयी, कोणता ड्रायव्हर कधी उठवायचा, कुठला प्रोग्राम कुठे राहतो, हे रजिस्ट्री नावाच्या साठ्यात असतं. हा साठा काही फायलींत विभागलेला असतो, आणि अशा प्रत्येक फाइलला अभियंते म्हणतात, मोहोळ! ताडोबाच्या जंगलाशेजारी राहणाऱ्यांना वाटेल, मधमाश्यांचा इथे काय संबंध? मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी याचा उलगडा केला आहे: मूळ विंडोज एनटीच्या चमूतल्या एकाला मधमाश्यांचा भयंकर तिटकारा होता. म्हणून रजिस्ट्री लिहिणाऱ्यानं मुद्दाम मधमाश्यांशी नातं सांगणारी नावं पेरली. फाइल म्हणजे मोहोळ, आणि आतला मजकूर ठेवायची जागा म्हणजे मोहोळाचं घर. एका ऑफिसातली ती थट्टा आज जगभरच्या विंडोजमध्ये मधासारखी साठून राहिलीय.

आता गादी. तुम्ही यशस्वीपणे आत शिरलात, पडद्यावरचं टेबल (डेस्कटॉप) दिसलं, की विंडोज ७ आजच्या सवयींवर शिक्का मारते: ‘या मांडणीनं घर उघडलं होतं.’ उद्या एखादा नवा ड्रायव्हर टाकल्यानं ती उठेनाशी झाली, तर एफ-एटच्या त्याच यादीत एक ओळ असते, शेवटच्या चांगल्या मांडणीनं उठण्याची. ती निवडली की विंडोज कालची स्वतः होऊन जागी होते. कालचा आपण असा खुंटीला टांगून ठेवता आला असता तर!

तर, ताळा संपतो. टेबल उघडतं. मालकांच्या तोंडावर हसू. पहिलं काम म्हणून ते सरकारी फॉर्मची साइट उघडतात, आणि ब्राउझर लाल पडदा दाखवतो: ही जागा सुरक्षित नाही. “आता काहून?”

मुलगी नुसतं खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवते. घड्याळात १ जानेवारी २००९.

सुरक्षित साइट प्रत्येक भेटीत आपलं ओळखपत्र दाखवते, आणि त्यावर दोन तारखा असतात: कधीपासून आणि कधीपर्यंत. एसटीच्या कंडक्टरच्या हातात २००९ चं कॅलेंडर दिलं आणि तुम्ही त्याला या महिन्याचा पास दाखवलात तर तो काय म्हणेल? ‘हा पास अजून सुरूच झालेला नाही, उतरा.’ ब्राउझर तसाच प्रामाणिक कंडक्टर आहे. साइट खरी, पास खरा, कॅलेंडर चुकीचं. सगळ्या इंटरनेटची सुरक्षितता अखेर त्या थरथरणाऱ्या स्फटिकावर आणि बटणभर सेलवर टेकलेली आहे, हे तुम्हाला कधी वाटलं होतं?

पण विंडोजला तर इंटरनेटवरून वेळ विचारता येते, मग तिनं स्वतःच दुरुस्ती का केली नाही? इथेही सावधपणा. घरगुती कॉम्प्युटरवर फरक १५ तासांपेक्षा मोठा असेल तर ती बाहेरून आलेली वेळ घ्यायला नकार देते. इतका मोठा फरक म्हणजे कदाचित कुणीतरी फसवतंय, असं तिला वाटतं. अशा वेळी तिला माणसाचा शब्द हवा असतो. मुलगी तारीख हातानं लावते. साइट उघडते.

आणि ही तारीख विंडोजच्या पोटात कशी लिहिली जाते पाहा. १ जानेवारी १६०१ पासून किती वेळ गेला, याची अखंड मोजणी, तीही सेकंदाचे एक कोटी तुकडे करून. १६०१! शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा २९ वर्षं अवकाश होता आणि चांद्यावर, म्हणजे आजच्या चंद्रपूरवर, गोंड राजांचं राज्य होतं. हे वर्षच का? आपल्या इंग्रजी कॅलेंडरचं लीप वर्षांचं चक्र ४०० वर्षांनी पुरं होतं, आणि विंडोज एनटी घडत होती तेव्हा चालू असलेलं चक्र १६०१ ला सुरू झालं होतं. चक्राच्या पहिल्या दिवसापासून मोजलं की लीप वर्षांचा हिशेब सोपा होतो. म्हणून घुग्घुसमध्ये काल टाइप केलेल्या भाडेकराराच्या फाइलवरही अकबराच्या काळापासूनची मोजणी कोरलेली असते.

भाडेकरारावरून आठवलं, मुलीनं पहिल्याच मिनिटाला फॉरमॅटला ‘थांबा’ का म्हटलं, त्याचं मोठं कारण तिथे आहे. मालकांच्या डिस्कमध्ये पंधरा वर्षांचे अर्ज, करारनामे, लग्नपत्रिका आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये चिन्हांसाठी २५६ च खण असायचे आणि तेही इंग्रजीसाठी आखलेले. देवनागरी जोडाक्षरांसकट त्यात मावणार कशी? मग आपल्या लोकांनी छापखान्यातल्या जुळाऱ्याची युक्ती वापरली. अख्खं अक्षर ठेवायचंच नाही, अक्षराचे खिळे ठेवायचे. अर्धा ‘म्’ एक खिळा, उभी रेघ दुसरा. शेजारी लावले की ‘म’. कॉम्प्युटरला मराठीचा गंधही नव्हता. तो आपला इंग्रजी अक्षरं साठवतोय असं समजत होता, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवत होता. फॉन्ट गेला की मुखवटा गेला, आणि लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा.

युनिकोडनं हे उलटं केलं. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा वाडा मिळाला, आणि साठवलं जाऊ लागलं ते खरं अक्षर. विंडोज २००० बरोबर सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट आला, आणि विंडोजला पहिल्यांदा कळलं की ‘कि’ मधली वेलांटी उच्चारात नंतर असली तरी दिसायला आधी यावी लागते. आज मोबाइलवर आपण बेफिकीर मराठी टाइप करतो, तेव्हा प्रत्येक अक्षरामागे ही मांडामांड विजेच्या वेगानं घडत असते. पण मालकांच्या जुन्या फायली मुखवट्याच्या काळातल्या आहेत. डिस्क पुसली असती तर तो फॉन्ट, ते टायपिंगचं पॅकेज, त्याची कुलपं, सगळं गेलं असतं. म्हणून मुलगी आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेते आणि मालकांना बजावते: विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे नवे अपडेट मिळणं थांबलं. ही मशीन जुन्या टायपिंगपुरती ठेवा. पैशाचे व्यवहार हिच्यावर नको.

उतरवून घेताना एके ठिकाणी कॉपी थबकते. डिस्कमधून बारीक टिक-टिक. आतली तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेतेय. तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून वेगानं पळतेय. तिच्यावर वाचणारं टोक तरंगतं ते अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर. माणसाचा केस साधारण ७०,००० नॅनोमीटर जाड. कोळशाच्या धुळीचा बारीकातला बारीक कणसुद्धा त्या फटीसमोर डोंगर आहे. म्हणूनच डिस्कच्या पोटात हवा जाते ती गाळणीतून. आणि इतकं करूनही वाचन बिनचूक होत नसतं! चुका होतात हे धरूनच प्रत्येक तुकड्याबरोबर जास्तीचे आकडे लिहिलेले असतात, त्यांवरून चुकलेलं अक्षर हिशेबानं परत मिळवलं जातं. एखादी जागा फारच दुबळी झाली तर डिस्क तिथे पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. जमलं तर मजकूर राखीव जागेत हलवते आणि कुणाला सांगतही नाही. ‘कॉम्प्युटर स्लो झाला’ म्हणतो तेव्हा कधीकधी तो एकाच ओळीवर डोळे ताणून बसलेला असतो.

स्लो होण्याचं दुसरं कारण मुलगी आता ब्लोअर मारून बाहेर काढते. काळा ढग! प्रोसेसरवरच्या पत्र्यांमध्ये धुळीची रजईच बसलेली. रजई पांघरून मे महिन्यात काम करणारा माणूस काय करील? कडुनिंबाखाली टेकेल. प्रोसेसरही तेच करतो. पोटातल्या तापमापकानं इशारा दिला की तो स्वतःचा वेग आणि व्होल्टेज उतरवतो, गार झाला की पुन्हा चढवतो. खाली वाळून खडू झालेली उष्णतावाहक पेस्ट ती पुसते, नवीन लावते. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा शाळेतल्या खोडरबरनं हळूच घासते.

शेवटी शेजारच्या घड्याळाच्या दुकानातून आणलेला सेल. वायर अजून भिंतीपासून सुटलेलीच आहे. भाषेचं सेटिंग तिला पुन्हा एकदा करावं लागणार, तारीखही. ती नखानं जुना सेल उचलते, नवा तिरका सरकवते, टक् असा आवाज होतो. पडदा काळा, पंखा स्थिर, मालक चहा सांगायला बाहेर गेलेले. आणि त्या बंद मशीनच्या आत, कुणालाही ऐकू न येता, स्फटिक थरथरू लागलाय: सेकंदाला ३२,७६८ वेळा.